चार हजार वॅट आणि आप्पांची मीटरपट्टी

आमच्या घरात दोन पिढ्या कापडाचा व्यापार झाला. आजोबा वारावर कापड मोजीत, वडील मीटरवर. मी मात्र वाट बदलली आणि सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी सोलापुरात मोटारींच्या सजावटीच्या सामानाचे दुकान घातले. सीटकव्हर, मॅट, हॉर्न, दिवे, टेप आणि स्पीकर हा आमचा माल. वडिलांना आम्ही सारे आप्पा म्हणतो. ते आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. दुपारी तासदोन तास दुकानात येऊन गल्ल्याशेजारच्या खुर्चीवर बसतात. जुन्या दुकानातली एकच वस्तू त्यांनी या दुकानात आणली, ती म्हणजे सरकारी शिक्क्याची पोलादी मीटरपट्टी. सीटकव्हरचे रेक्झिन मोजण्यापलीकडे तिचा येथे फारसा उपयोग नाही. पण ती भिंतीवरच्या खिळ्याला कायम टांगलेली असते.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत, सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा चालू असताना, मोहोळ तालुक्यातील एक ट्रॅक्टरमालक दुकानात आला. उसाच्या हंगामात आमच्या भागातील ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढीत रात्रंदिवस कारखान्याकडे जात असतात. चालकाला झोप येऊ नये म्हणून म्हणा किंवा हौस म्हणून म्हणा, त्या ट्रॅक्टरवर गाणी लावण्याची पद्धत पडली आहे. या गृहस्थाने दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडून एक ॲम्प्लिफायर आणि चार स्पीकर नेले होते. टेपमधून येणारा क्षीण विद्युत्संदेश बॅटरीच्या बळावर मोठा करून स्पीकरला देणारे यंत्र म्हणजे ॲम्प्लिफायर. त्याच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘४००० वॅट’ असे छापलेले होते. किंमत साडेतीन हजार रुपये.

त्याने जळालेले दोन स्पीकर काउंटरवर ठेवले. रागावलेला नव्हता, दमलेला होता. म्हणाला, “शेठ, चार हजार वॅट म्हणून आवाज पार टोकापर्यंत चढवला, तरी म्होरच्या ट्रॅक्टरएवढा येईना. वर स्पीकर जळालं. तुमचं माप खोटं हाय.”

मी त्याला नेहमीची उत्तरे दिली. जोडणी चुकली असेल, बॅटरी उतरली असेल, स्पीकर हलके असतील. तो ऐकत राहिला, पण त्याला ते पटले नाही. खरे सांगायचे तर मलाही ते पटत नव्हते, कारण त्या चार हजारांचा अर्थ मला स्वतःलाच ठाऊक नव्हता. कंपनीने छापले, वितरकाने सांगितले आणि तोच आकडा मी ग्राहकापुढे म्हटला. तो गेल्यावर आप्पांनी विचारले, “वॅट म्हणजे काय रे? आणि हे माप तपासतो कोण?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शाळेत शिकलेले होते. दुसऱ्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मापांचा धाक आमच्या घरात लहानपणापासून होता. १९५६ साली वजन-मापांच्या मानकांचा कायदा झाला आणि पुढील काही वर्षांत वार जाऊन मीटर आला, शेर जाऊन किलो आला. त्या बदलाच्या गोष्टी आप्पा अजून सांगतात. निरीक्षक दुकानात येत, पट्टी व वजने तपासून शिक्का मारीत. शिक्क्याची मुदत संपलेली पट्टी वापरली तर दंड होई. आज त्या जागी २००९ चा वैधमापन कायदा आहे. तो १ एप्रिल २०११ पासून लागू झाला. परंतु मी ॲम्प्लिफायरचे खोके उलटून पाहिले, तेव्हा कायद्याने आवश्यक असलेल्या मजकुरात परिमाण म्हणून एवढेच लिहिले होते: ‘१ नग’. निरीक्षक आला तरी तो नग मोजणार, आणि नग बरोबर एकच होता. चार हजारांचा आकडा मात्र खोक्याच्या दर्शनी बाजूस, रंगीत ज्वाळांच्या चित्रावर छापलेला होता.

माझ्या आतेभावाचा चिंचोळी एमआयडीसीत विजेचे पॅनेल आणि स्टॅबिलायझर बनवण्याचा लहानसा कारखाना आहे. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा असल्याने आम्ही त्याला दादा म्हणतो. त्याला फोनवर हकिकत सांगितली. तो म्हणाला, “अंदाज करत बसण्यापेक्षा रविवारी यंत्र घेऊन या. मोजून टाकू.”

रविवारी सकाळी मी आणि माझा मुलगा पुणे रस्त्याने निघालो. बाळे, केगावचे विद्यापीठ, कोंडी ही गावे मागे टाकली की चिंचोळीची वसाहत येते. महामार्गावर उसाचे ट्रॅक्टर रांगेने चालले होते आणि बहुतेकांवर गाणी वाजत होती. प्रत्येक ट्रॅक्टरवर किती हजार वॅटचे खोके असेल, असा विचार त्या दिवशी प्रथमच मनात आला. चिंचोळीत रसायनांचे कारखाने आहेत, सूत आणि कापडाचे आहेत, आणि मोटारींच्या इंजिनांतील कॅमशाफ्ट बनवणाऱ्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचाही कारखाना आहे. कॅमशाफ्टसारखा भाग मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. त्याच मोटारीत आम्ही बसवतो ते यंत्र मात्र कोणी न मोजताच विकले जाते, हे दादाने हसत हसत सांगितले. मला ते हसण्यावारी नेता आले नाही.

दादाने सुरुवातीलाच एक गणित मांडले. मोटारीची बॅटरी बारा व्होल्टची म्हणतात. इंजिन चालू असताना तिच्या टोकांवर साधारण चौदा व्होल्ट मिळतात. व्होल्टला अँपिअरने गुणले की वॅट येतात. ॲम्प्लिफायरच्या मागे वीस-वीस अँपिअरचे दोन फ्यूज होते, म्हणजे एकूण चाळीस अँपिअर. १४.४ गुणिले ४० बरोबर ५७६. याहून अधिक शक्ती हे यंत्र सतत घेऊ लागले तर फ्यूजच उडेल. “जमेलाच पाचशे शहात्तर आहेत,” दादा म्हणाला, “तर खर्चाला चार हजार कोठून येणार?” उलट बाजूने पाहिले तर चार हजार वॅट द्यायला, थेंबभरही वाया न घालवता, पावणेतीनशेहून अधिक अँपिअर लागतील. लहान मोटारीचा अल्टरनेटर साधारण साठ ते शंभर अँपिअरचा असतो.

व्यापाऱ्याच्या मुलाला हे गणित पाचवीत जमले असते. खोक्यावरचा आकडा आणि यंत्रामागचा फ्यूज ही दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर तीन वर्षे होती. मी एकदाही गुणाकार केला नव्हता.

मग प्रत्यक्ष मोजणी सुरू झाली. स्पीकर लावून मोजले तर कानठळ्या बसतात, शिवाय स्पीकरचा रोध स्वरागणिक बदलतो. म्हणून स्पीकरच्या जागी चार ओहमचे मोठे रेझिस्टर लावतात. ते आवाज करीत नाहीत, फक्त तापतात. दादाने ते ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्यावर बसवले आणि पंखा सोडला. आधी प्रत्येकाचा रोध मोजला. मीटरच्या स्वतःच्या तारांचाही थोडा रोध असतो. तो आधी पाहून वजा केला. तराजूचा पासंग काढल्याशिवाय आपण माल तोलत नाही, त्यातलाच हा प्रकार. वीज देण्यासाठी कारखान्यातील मोठा रेक्टिफायर १४.४ व्होल्टवर लावला आणि ते व्होल्ट थेट ॲम्प्लिफायरच्या स्क्रूंवर मोजले, दूरच्या टोकाला नव्हे.

संदेश म्हणून एकच सरळ स्वर दिला, सेकंदाला हजार कंपनांचा. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर त्याची गोल, घाटदार लाट दिसू लागली. आवाजाची कळ हळूहळू फिरवली तशी लाट उंच होत गेली. एका टप्प्यावर तिचे माथे कोणी कात्रीने छाटावे तसे सपाट होऊ लागले. दादाने तेथेच हात थांबवला. “यापुढे यंत्र आवाज वाढवत नाही, आवाज बिघडवते. खरे माप येथपर्यंतचेच धरायचे.” माथे डोळ्यांना सपाट दिसू लागतात तेव्हा विकृती एखाद-दोन टक्क्यांच्या घरात असते, असे त्याने सांगितले. मुलाने वही उघडून आकडे लिहून घेतले.

एकच मार्ग चालू असताना रेझिस्टरवर १५.२ व्होल्ट मिळाले. व्होल्टचा वर्ग करून ओहमने भागायचे: सुमारे ५८ वॅट. पण ग्राहक चार स्पीकर लावतो. चारही मार्ग एकत्र चालू केले तेव्हा प्रत्येकी १३.६ व्होल्टच उरले, म्हणजे प्रत्येकी ४६ वॅट. चारांची बेरीज १८५. त्या वेळी यंत्र २२ अँपिअर ओढत होते. जमेची बाजू ३१७ वॅट. उरलेल्या १३२ वॅटची उष्णता होत होती, आणि यंत्राच्या पाठीवर हात ठेवताच ती कळत होती. जमा, खर्च आणि शिल्लक अशी वही जुळली. नंतर व्होल्ट १२.४ वर आणले, म्हणजे इंजिन बंद ठेवून नुसत्या बॅटरीवर गाणी लावावीत तशी स्थिती. तेव्हा प्रत्येकी ३४ वॅटच उरले.

चार हजारांपैकी एकशे पंच्याऐंशी.

ट्रॅक्टरमालकाचे स्पीकर का जळाले, हेही त्याच पडद्यावर दिसले. दादाने कळ शेवटपर्यंत फिरवली. लाटेचा घाट पूर्ण मोडला आणि ती जवळजवळ चौकोनी झाली. अशा छाटलेल्या लाटेतून स्पीकरच्या तारेच्या वेटोळ्यात जाणारी शक्ती शुद्ध लाटेच्या दुपटीपर्यंत वाढू शकते. आवाज त्या प्रमाणात वाढल्यासारखा वाटत नाही, फक्त कर्कश होतो. वेटोळे मात्र तापत जाते. म्हणजे त्या माणसाने जे केले ते अगदी तर्काला धरून होते. चार हजार वॅटचे यंत्र आहे, अजून बळ शिल्लक असणार, म्हणून तो कळ चढवीत गेला. खोट्या आकड्याने त्याला नुसते फसवले नव्हते. त्याच्या हातून त्याचाच माल जाळवला होता.

दुपारनंतर आणखी एक गोष्ट उघडी पडली. ॲम्प्लिफायरसोबत आम्ही जोडणीच्या तारेचा एक संच विकतो. तार जाडजूड दिसते, तांबूस झळकते. दादाने चाकूने तिचा एक धागा खरवडला, तर आतून पांढरा धातू निघाला. तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम. बहुतेक जाडी तर प्लास्टिकचीच होती. त्या तारेतून वीज दिली, तेव्हा वाटेतच ०.७ व्होल्ट गळाले आणि प्रत्येकी ४६ चे जेमतेम ४२ वॅट झाले. कापडात खळ भरून वजन वाढवणाऱ्यांची गोष्ट आप्पा सांगत, ती आठवली.

सूर्यास्ताआधी जेवायचे म्हणून दादाने लवकर आवरते घेतले. कारखान्याच्या ओट्यावरच डबा उघडला. मुलगा वही घेऊन गप्प बसला होता. ॲम्प्लिफायरचा माल दुकानात आणण्याची कल्पना त्याचीच. तीन वर्षांत त्याने ही शाखा उभी केली होती आणि दुकानाच्या नफ्यात तिचा वाटा चांगला होता. शेवटी तो म्हणाला, “बाबा, आपण किंमत तर चार हजार वॅटची घेत नाही ना? साडेतीन हजारांत हल्ली जेवढे मिळते तेवढेच आपण देतो. आणि सगळा बाजारच असे लिहितो. शेजारच्या दुकानात पाच हजार लिहिलेला आहे. गिऱ्हाइकालाही ठाऊक असते की हा आकडा नावापुरता आहे.”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पैशांच्या मानाने यंत्र वाईट नव्हते. ४६ वॅट चार स्पीकरांना मिळाले तर बंद मोटारीत भरपूर आवाज होतो. कानाचा हिशेब पैशासारखा सरळ नसतो: आवाज दुप्पट वाटायला शक्ती साधारण दहापट लागते, आणि शक्ती नुसती दुप्पट केली तर कानाला जेमतेम एक पायरी चढल्यासारखे वाटते. त्यामुळे खरे ४६ वॅट लिहिले असते तरी माल विकण्याजोगाच होता. मालात खोट नव्हती, चिठ्ठीत होती.

परंतु ‘सगळ्यांना ठाऊक असते’ हे मला पटेना. सर्वांना ठाऊक असेल तर तो आकडा छापण्यावर कोणी शाई का खर्च करील? ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठीच तो छापलेला असतो. मोहोळचा तो माणूस त्यांतलाच होता.

ही खोड आजची नाही आणि केवळ आपल्या देशातलीही नाही. नव्वदच्या दशकात घरोघरी टू-इन-वन आले, तेव्हा त्यांवर ‘पीएमपीओ’ अशी अक्षरे आणि शेकडो वॅटचे आकडे असत, हे अनेक वाचकांना आठवत असेल. क्षणभराच्या, कधी न टिकणाऱ्या शिखराचा तो आकडा असे. अमेरिकेत तर घरगुती ॲम्प्लिफायरबाबत ही चढाओढ इतकी वाढली की १९७४ साली तेथील व्यापार आयोगाला नियम करावा लागला: शक्ती सांगायची तर सतत टिकणारी सांगा, आणि कोणत्या भारावर व किती विकृतीला, तेही सांगा. मोटारीतील ॲम्प्लिफायरसाठी २००३ साली तेथील उत्पादकांच्या संघटनेनेच ‘सीईए-२००६’ नावाचे ऐच्छिक मानक तयार केले: १४.४ व्होल्ट, चार ओहम, एक टक्का विकृती. दादाने त्याच रीतीने, कारखान्यात असलेल्या साधनांनी जमेल तितकी, मोजणी केली होती. उत्पादकांनी हे स्वतःहून का केले असावे, याचा विचार करता एक गोष्ट ध्यानात येते. बाजारात खोटे माप रूढ झाले की खरे माप देणाराच दुबळा दिसतो. चार हजारांच्या खोक्याशेजारी ‘प्रत्येकी ५० वॅट’ लिहिलेले प्रामाणिक खोके ठेवा; आमचे गिऱ्हाईक त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मी स्वतः असे एक यंत्र दुकानात ठेवणे याच कारणाने बंद केले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पांना सारे सांगितले. वॅट समजावण्यासाठी एक उदाहरण दिले. ७४६ वॅट म्हणजे एक हॉर्सपॉवर. तेव्हा चार हजार वॅट म्हणजे विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीहूनही जास्त. आप्पा म्हणाले, “तेवढी मोटर तुझ्या त्या टीचभर तारेवर चालेल?” मग त्यांनी विचारले, “आणि देतोस किती?” मी म्हटले, एकवीस पटींहूनही कमी.

आप्पा उठले. भिंतीवरची मीटरपट्टी काढून त्यांनी काउंटरवर आडवी ठेवली. मुलाला म्हणाले, “याचा एकविसावा हिस्सा दाखव.” मुलाने हिशेब करून साडेचार सेंटीमीटरच्या खुणेच्या जरा पुढे बोट ठेवले. आप्पांनी तेथे आपली बोटे टेकवली. अडीच बोटे जेमतेम बसली. “मीटर म्हणून एवढे कापड फाडून दिले असते,” ते म्हणाले, “तर तुझ्या पणजोबांना पेठेत तोंड दाखवायला जागा राहिली नसती.”

यापुढे ते काही बोलले नाहीत. त्यांना बोलण्याची आवश्यकताही नव्हती. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान आणि प्रतिरूपक व्यवहार हे दोन आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत: मापात कमीजास्त करणे आणि अस्सलाच्या जागी नक्कल खपवणे. पर्युषणात दरवर्षी त्यांचा अर्थ ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर खोटी वजने ठेवणारा कोणीतरी किराणा दुकानदार येई. वॅट हेही मान आहे आणि तांब्याचा मुलामा हेही प्रतिरूपक आहे, हे मला चिंचोळीच्या त्या टेबलापाशी उमगले. आपले व्यवसाय बदलले, तागडी आणि वार दुकानातून गेले. पण नव्या मालाचे नवे माप आले आहे आणि ते तपासणारा निरीक्षक अजून आलेला नाही.

प्रश्न होता उरलेल्या मालाचा. गोदामात अडतीस ॲम्प्लिफायर आणि पन्नासावर तारांचे संच होते. वितरकाला फोन केला. तो म्हणाला, “शेठ, हा मॅक्झिमम वॅटचा आकडा असतो, सगळेच लिहितात,” आणि माल परत घ्यायला नकार दिला. लाखाच्या आसपासची रक्कम अडकली होती. माल भंगारात घालणे मला परवडणारे नव्हते, आणि आहे तसा विकणे आता जमणारे नव्हते. तेव्हा प्रत्येक खोक्यावर, त्या ज्वाळांच्या चित्रावरच, आमच्या दुकानाची एक छापील चिठ्ठी चिकटवली: ‘मोजलेली शक्ती: १४.४ व्होल्टला, चार ओहमच्या चार स्पीकरवर, प्रत्येकी ४६ वॅट. प्रत्येकी पन्नास वॅट सतत सोसणारे स्पीकर वापरावेत. आवाज फाटू लागला की कळ मागे घ्यावी.’ तारांचे संच जाड कामासाठी विकणे बंद केले. ते हॉर्न आणि लहान दिव्यांच्या जोडणीसाठी, ॲल्युमिनियमची तार असे सांगून, निम्म्या दरात काढले.

मुलाला हे आवडले नाही. त्याने विरोध केला नाही, पण चिठ्ठ्या चिकटवताना तो एक शब्दही बोलला नाही.

मोहोळच्या ग्राहकाला निरोप धाडून बोलावले. दोन्ही स्पीकरांची वेटोळी आमच्या खर्चाने नवीन भरून दिली आणि अस्सल तांब्याची तार बसवून दिली. त्याच्यासमोर कळ फिरवून, आवाज फाटू लागतो ती जागा दाखवली आणि तेथे पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. मी म्हटले, “तुम्ही माप खोटे म्हणालात ते खरे होते.” तो थोडा ओशाळला. म्हणाला, “शेठ, मी रागात बोललो वो. पण आता हे शेचाळीस तरी पक्कं हाय न्हवं?” मी वही उघडून त्याला आकडे दाखवले. त्याला ते कळले की नाही ठाऊक नाही. पण त्याने प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून पाहिले.

वाचकांना पुढची गोष्ट ऐकण्याची उत्सुकता असेल की खरे बोलल्याने धंदा वाढला का. नाही, वाढला नाही. आधीच्या हंगामात चाळीसच्या वर यंत्रे गेली होती. चिठ्ठी लावल्यावर वर्षभरात एकोणतीस गेली. अनेक जण चिठ्ठी वाचून हसले आणि शेजारी जाऊन पाच हजारांचे घेऊन आले. काहींनी विचारले, “बाकीच्या वॅटचे काय झाले?” मात्र या एकोणतीसपैकी जळालेला स्पीकर घेऊन एकच जण परत आला, आणि त्याची जोडणी दुसरीकडची होती. आधी दर महिन्याला एखादा तरी भांडण घेऊन येत असे. हिशेबाच्या वहीत या शांततेला रकाना नाही, म्हणून ती नफ्यात धरत नाही.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे आज विजेच्या, मोटारींच्या, मोबाइलच्या मालात आहेत. त्यांच्यासाठी या अनुभवातून दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी सांगाव्याशा वाटतात. ॲम्प्लिफायर घेताना किंवा विकताना खोक्याच्या दर्शनी बाजूकडे पाहू नये. मागचे फ्यूज पाहावेत आणि त्यांच्या बेरजेला चौदाने गुणावे. जुन्या धाटणीचे यंत्र त्यातले साधारण निम्मे आणि नव्या ‘क्लास डी’ धाटणीचे तीन चतुर्थांशाच्या आसपास आवाजासाठी देऊ शकते. ‘आरएमएस’ शब्दासोबत ओहम, व्होल्ट आणि विकृतीची टक्केवारी लिहिलेली नसेल तर तो आकडा अर्धवट समजावा. तार विकत घेताना एक धागा खरवडून पाहावा. या तपासण्यांना कारखाना लागत नाही. दोन मिनिटे आणि एक चाकू पुरतो.

दिवाळीनंतर गोदामाची मोजदाद करताना उरलेली नऊ खोकी मी पुन्हा पाहिली. त्यांच्यावरच्या चिठ्ठीखाली पेनने एक ओळ वाढवलेली होती. अक्षर मुलाचे होते. मला न विचारता त्याने दादाकडे चिंचोळीला आणखी एक फेरी मारली होती. ओळ अशी होती: ‘इंजिन बंद ठेवून फक्त बॅटरीवर वाजवल्यास प्रत्येकी ३४ वॅट. दोनदा मोजले.’